दुसरी सही कोणाची?

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याच्या बाजूने पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. २०१४ साली तेथवर मेट्रो रेल्वे पोहोचली आणि त्या भागाचे रूप पालटले. मी ज्या काळाविषयी लिहीत आहे तो त्याच्या बऱ्याच आधीचा. पत्र्याच्या छपराखाली चार लेथ, दोन मिलिंग यंत्रे आणि एक ग्राइंडर, एवढ्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या शेडची रांगच्या रांग तेथे होती. अशाच एका कारखान्यात मी हिशेबनीस होतो. निपाणी, बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर येथून पोटासाठी आलेली मराठी माणसे कन्नड, तमिळ आणि तेलुगू कामगारांच्या खांद्याला खांदा लावून तेथे काम करीत असत.

या माणसांची एक लहानशी पतसंस्था होती. पगाराच्या दिवशी प्रत्येक सभासद पन्नास रुपये भरी. मुलाची शाळा, घरातले आजारपण, बहिणीचे लग्न अशा प्रसंगी संस्थेतून कर्ज मिळे. नाहीतर कारखान्याच्या फाटकाबाहेर 'मीटर बड्डी'वाला सावकार उभा असेच. व्याज रिक्षाच्या मीटरप्रमाणे पळते, म्हणून कन्नड बोलणाऱ्या कामगारांनी त्याला दिलेले हे नाव. त्या सावकाराच्या दारी जावे लागू नये, हाच संस्थेचा हेतू होता. सभासद एकशे साठच्या आसपास. खजिनदार आमच्याच मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ होते. रविवारी त्यांनी प्रार्थना चालविली की लोकांचे डोळे पाणावत. कार्यकारिणीत मीही होतो, आणि धनादेशावर खजिनदारांच्या सहीखाली दुसरी सही माझी असे.

एका वर्षी लेखापरीक्षकांनी बँकेचे पासबुक आणि संस्थेची रोजकीर्द समोरासमोर ठेवली, तेव्हा एक्केचाळीस हजार रुपयांचा मेळ बसेना. खजिनदारांनी काही लपविले नाही. मेहुण्याच्या वर्कशॉपला ऐन वेळी रक्कम कमी पडली, म्हणून आपण ती संस्थेतून दिली, असे त्यांनी सांगितले. 'मी परत ठेवणारच होतो,' हे वाक्य ते पुन:पुन्हा उच्चारीत होते, आणि ते खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही.

या घटनेने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला तो पीण्यापुरता राहिला नाही. समाजाने ज्यांना निवडून दिले, ज्यांच्या हाती आपले धन सोपविले, त्यांच्याकडून त्या धनाचा अपहार झाला, तर त्यांना शासन करण्याचा अधिकार कोणाचा? ते कसे करावे? आणि ज्या समाजात सारेच एकमेकांचे आप्त आहेत, तेथे ते करताना दयेला जागा कोठे उरते?

विश्वस्ताचे धन

वैयक्तिक चोरी आणि विश्वस्ताने केलेला अपहार यांत रकमेपलीकडचा एक भेद आहे. चोर कुलूप फोडतो; विश्वस्ताच्या हाती किल्ली आपणच दिलेली असते. म्हणून चोराच्या कृत्याने धन जाते, तर विश्वस्ताच्या कृत्याने धन तर जातेच, शिवाय लोकांची एकमेकांवर विसंबण्याची सवयही जाते. धन कालांतराने भरून निघेल. ती सवय एकदा मोडली की दुसऱ्या पिढीपर्यंत परत येत नाही.

'परत ठेवणारच होतो' या समर्थनाचा फोलपणा येथेच ध्यानात येतो. परतफेडीचा हेतू कितीही प्रामाणिक असला तरी मधल्या काळातील जोखीम कोणी उचलली? मेहुण्याचे वर्कशॉप बुडाले असते तर कोणाचे पन्नास रुपये बुडाले असते? ज्यांना विचारलेदेखील नव्हते त्यांचे. विश्वस्ताचा दोष पैसे खिशात घालण्यापासून सुरू होत नाही. जे आपले नाही त्याविषयी आपण एकट्यानेच निर्णय घेतला, त्या क्षणी तो सुरू होतो.

सहकाराची चळवळ ही आपल्या या भागाची जुनी मिरास आहे. १९०४ सालच्या कायद्यानंतर अवघ्या वर्षभरात, १९०५ मध्ये, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था स्थापन केली. तो मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सावकाराच्या पाशातून सुटण्याची ती वाट होती. त्या वाटेवर आपल्याच माणसाने खड्डा खणला तर पडणारा पुन्हा सावकाराच्याच दारात पडतो.

बंगळूरने अलीकडच्या काळात हे दु:ख दोनदा मोठ्या प्रमाणावर पाहिले. जानेवारी २०२० मध्ये श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना पस्तीस हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढण्याची मनाई झाली. निवृत्तीनंतरची पुंजी तेथे ठेवणारे असंख्य वृद्ध दारोदार फिरले. दुसरी घटना २०२४ सालची. कर्नाटकातील अनुसूचित जमातींसाठी महर्षी वाल्मीकी विकास महामंडळ आहे. भूमिहीनांना जमीन घेऊन देणे आणि कोरडवाहू शेतीला कूपनलिकेचे पाणी देणे अशी त्याची कामे. या महामंडळाच्या खात्यातून सुमारे १८७ कोटी रुपये नियमबाह्य रीतीने दुसऱ्या खात्यात वळविले गेले आणि त्यांतील मोठा भाग त्रयस्थांच्या खात्यांत गेला, असे उघडकीस आले. हे उजेडात आले ते महामंडळातील एका कर्मचाऱ्याच्या मृत्यूमुळे आणि त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीमुळे. अधिकाऱ्यांना अटक झाली, खात्याच्या मंत्र्यांनी जून २०२४ मध्ये राजीनामा दिला. कोण किती दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. मात्र ज्याच्या हाती सत्ता सर्वांत कमी होती, त्याच माणसाला हे ओझे सर्वांत जड झाले, ही गोष्ट आपण विसरू नये. जेथे वरिष्ठांना वेळीच शासन होत नाही, तेथे ते शासन कोणीतरी कनिष्ठ भोगतो.

दोन युक्तिवाद

आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा एका शाळेच्या वर्गात भरली. प्रकरण चव्हाट्यावर येऊ नये म्हणून त्या दिवशी दोन युक्तिवाद मांडले गेले. ते आपल्याही परिचयाचे असतील.

पहिला युक्तिवाद समाजाच्या लाजेचा. 'आपण मूठभर माणसे, परक्या मुलखात राहतो. ही गोष्ट बाहेर गेली तर लोक काय म्हणतील? घरातले घरात मिटवावे.' वरवर पाहता हा शहाणपणा वाटतो. परंतु 'घरातले घरात' म्हणजे नेमके कोणाच्या घरात? ज्या सभासदाला त्या महिन्यात मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज नाकारले गेले होते, तोही याच घरातला. मिटविण्याच्या बैठकीला त्याला बोलावणार होते काय? समाजाची लाज राखावी असे जे म्हणतात, त्यांच्या बोलण्यात पुष्कळदा समाज म्हणजे पुढारी एवढाच अर्थ असतो.

दुसरा युक्तिवाद शास्त्राधारे मांडला गेला. एका बंधूंनी राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचा दाखला दिला. मंदिराच्या दुरुस्तीसाठी ज्यांच्या हाती पैसा दिला जाई, त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत, असे तेथे लिहिले आहे. 'मग आपण एका प्रार्थनाशील माणसाकडे हिशेब का मागावा?' असे त्यांनी विचारले. सभा क्षणभर निरुत्तर झाली.

त्या रात्री घरी येऊन मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. त्याच अध्यायात आरंभी योवाश राजा याजकांना जाब विचारतो, कारण तेविसावे वर्ष उजाडले तरी मंदिराची डागडुजी झालेली नव्हती. मग याजकांकडून पैसा स्वीकारण्याचे काम काढून घेतले जाते. झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली जाते, आणि पेटीत रक्कम साठली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून ती मोजतात. म्हणजे कारागिरांवरील तो नि:शंक विश्वास आला कोठून? आधी जाब विचारला गेला, अधिकार बदलला गेला, मोजणीसाठी दोन माणसे नेमली गेली, आणि मग तो विश्वास शक्य झाला. आमच्या बंधूंनी अध्यायाचा शेवट वाचला होता, आरंभ सोडून दिला होता.

प्रेषित पौलाने यरुशलेमातील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती नेण्याच्या कामी त्याने आपल्याबरोबर इतर मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली. आपल्याला कोणी दोष लावू नये आणि व्यवहार प्रभूच्या दृष्टीने तसाच माणसांच्या दृष्टीनेही चोख असावा, असे त्याने करिंथच्या मंडळीला कळविले. पौलाला स्वत:च्या प्रामाणिकपणाविषयी शंका होती म्हणून त्याने असे केले काय? नव्हे. प्रामाणिक माणूस तपासणीला भीत नाही. ती आपल्यासाठी आडोसा आहे, हे तो जाणतो.

दूरचे एक उदाहरण

हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अधिक तीव्रतेने उभा राहिला आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९८३ मध्ये आदिवासींच्या भूमी हक्कांचा कायदा केला. ही भूमी परंपरेने आदिवासींची होती आणि सरकारी निर्णयांमुळे त्यांच्या वाट्याची जमीन भरपाईवाचून घटत गेली, असे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. राज्याच्या जमीन कराच्या उत्पन्नातील साडेसात टक्के रक्कम पंधरा वर्षे, १९९८ पर्यंत, आदिवासींच्या राज्य परिषदेला देण्यात आली. राज्यभर सुमारे एकशे वीस स्थानिक भूमी परिषदा उभ्या राहिल्या आणि त्यांचे संचालक आदिवासी सभासदच निवडू लागले.

मात्र काही ठिकाणी त्यांच्यातल्याच संचालकांनी परिषदेच्या पैशाचा वा जमिनीचा गैरव्यवहार केल्याची प्रकरणे पुढे आली. आता प्रश्नाची धार पाहा. ज्या सरकारने शंभर-दोनशे वर्षे या लोकांची भूमी हिरावली, तेच सरकार आता त्यांच्या प्रतिनिधीला प्रामाणिकपणा शिकविणार? 'तुम्हाला कारभार जमत नाही,' हे वाक्य त्यांनी आपल्या मालकांकडून पूर्वी पुष्कळ ऐकले होते. म्हणून संचालकाला शासन करणे म्हणजे साऱ्या जमातीचा अपमान, असे म्हणणे तेथे सोपे होते.

तरीही विचार केला तर दिसते की, त्या जमातीची पहिली लूट परक्यांनी केली आणि दुसरी आपल्यांनी केली, म्हणून दुसरी हलकी ठरत नाही. गमावलेल्याच्या बदल्यात जे थोडे परत मिळाले, त्यावरच हात पडलेला असतो. त्या कायद्याने काढलेली वाट म्हणूनच मननीय आहे. संचालकांसाठी आचारसंहिता आहे; ज्या व्यवहारात स्वत:चा आर्थिक संबंध असेल तो जाहीर करावा लागतो. जमीन विकायची तर सभासदांच्या सभेची आणि राज्य परिषदेचीही मान्यता लागते. तक्रार आल्यास एक स्वतंत्र रजिस्ट्रार ती पाहतो, आणि गंभीर बाब न्यायाधिकरणापुढे जाते. तेथे संचालकाला आपली बाजू मांडता येते. दोष ठरला तर ताकीद, निलंबन, ठराविक मुदतीसाठी अपात्रता अशा चढत्या पायऱ्या आहेत. सगळी परिषद बाजूला सारून प्रशासक नेमण्याचा उपायही आहे. पण त्याचे दु:ख असे की, एकाच्या दोषापायी सर्व सभासदांचे स्वराज्य तेवढा काळ थांबते. म्हणून पहिल्या पायऱ्यांवरच काम करणे हे दयेचे काम आहे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आपल्या प्रभूने सांगितलेला क्रमही असाच चढता आहे: प्रथम एकांतात, मग एकदोघांना सोबत घेऊन, मग मंडळीपुढे. तीमथ्याला लिहिताना पौल वडिलांविरुद्धचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून स्वीकारू नको असे सांगतो. पण पाप करणाऱ्याला सर्वांदेखत दोष देण्यासही त्याच श्वासात सांगतो. कुजबुजीवरून कोणाला पदच्युत करणे हा अन्याय. आणि पुरावा असताना गप्प राहणे हाही अन्यायच.

मौनाचा दोष

त्या सभेत सर्वांत मागच्या बाकावर निपाणीकडची एक विधवा भगिनी बसली होती. पतीच्या पश्चात ती पॅकिंग विभागात कामाला लागली होती. वादविवाद दोन तास चालल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, 'खजिनदारांनी पैसे नेले हे कळलं. पण दादा, चेकवर दोन सह्या लागतात ना? दुसरी सही कोणाची?'

दुसरी सही माझी होती. बँकेत वारंवार जावे लागू नये म्हणून मी पाच-पाच कोऱ्या धनादेशांवर एकदम सह्या करून ठेवीत असे. खजिनदारांवर विश्वास म्हणून मी असे करतो, असे मी स्वत:ला सांगत होतो. खरे पाहता त्यात विश्वास थोडा होता आणि आळस पुष्कळ. मी एक पैसाही घेतला नव्हता. परंतु दोन सह्यांची अट ज्या सभासदांच्या रक्षणासाठी होती, त्यांचे रक्षण मी केले नव्हते. त्या प्रश्नापूर्वी मी सभेत न्यायाधीशाप्रमाणे बसलो होतो.

मौन राहिलेल्या संचालकाला शासन व्हावे काय, हा या विषयातील सर्वांत कठीण भाग आहे. महाराष्ट्राने त्याचे एक कठोर उत्तर दिले. मे २०११ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बरखास्त झाले, आणि जानेवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने असा वटहुकूम काढला की, अशा रीतीने बरखास्त झालेल्या बँकांच्या संचालकांना दहा वर्षे पुन्हा निवडणूक लढविता येऊ नये. यात राजकारण किती आणि न्याय किती याविषयी तेव्हा वाद झाला. मला वाटते, सर्वांना एकाच मापाने मोजण्यात धोका आहे. ज्या संचालकाने सभेत विरोध नोंदविला, कागद मागितले, तो आणि ज्याने न वाचता सही केली तो, हे दोघे एका पंक्तीत बसविता येणार नाहीत. सहकार कायद्यातच याची सोय आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यातील कलम ८८ आणि कर्नाटकाच्या १९५९ च्या कायद्यातील कलम ६९ यांनुसार संस्थेचे नुकसान कोणाच्या गैरवर्तनाने झाले हे तपासून त्या त्या व्यक्तीकडून भरपाई घेता येते. माणूस पाहून, दोष मोजून दिलेले शासन हे झुंडीने दिलेल्या शिक्षेहून वेगळे असते.

पण 'मला ठाऊक नव्हते' या उत्तराने कोणीही सुटू नये. जाणून घेण्यासाठीच ज्याला निवडले, त्याचे अज्ञान हाच त्याचा दोष.

क्षमा आणि पद

सभेत शेवटी कोणीतरी म्हणाले, 'आपण ख्रिस्ती आहोत. क्षमा करणे आपले कर्तव्य आहे.' हे खरेच आहे. मात्र क्षमा आणि पद या दोन वेगळ्या देणग्या आहेत. क्षमा व्यक्तीला दिली जाते; तिच्यावर प्रत्येक पश्चात्तापी पाप्याचा हक्क आहे असे प्रभूच्या कृपेने म्हणता येते. पद हे इतरांच्या हितासाठी असते. त्यावर कोणाचाच हक्क नसतो. शिवाय ज्याचे पैसे गेले त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार पुढाऱ्यांना कोणी दिला? मला माझ्या अपराध्याला क्षमा करता येते. शेजारणीच्या अपराध्याला मी क्षमा करू लागलो तर ती उदारता होत नाही, तिची दुसऱ्यांदा केलेली उपेक्षा होते.

जक्कयाच्या घरी प्रभू जेवायला गेला तो जक्कयाने हिशेब चुकविण्याआधी. कृपा आधी आली. पण त्या कृपेचे पहिले फळ काय दिसले? अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची जक्कयाची घोषणा. परतफेडीने त्याने कृपा विकत घेतली नाही. कृपा खरोखर पोहोचली, याची ती खूण होती. जो क्षमा मागतो आणि हिशेब मागू नका म्हणतो, त्याने अजून क्षमाही नीट मागितलेली नसते.

आमच्या सभेने त्या दिवशी जे ठरविले ते साधे होते. खजिनदारांनी पद सोडावे आणि रक्कम व्याजासह हप्त्यांनी भरावी. लेखी कबुली निबंधकांकडे जाणाऱ्या अहवालात जोडावी. दुसऱ्या सहीच्या मालकानेही पाच वर्षे कार्यकारिणीवर येऊ नये आणि नुकसानीचा चौथा हिस्सा उचलावा. हा शेवटचा भाग मी स्वत:हून सुचविला असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. तो त्या भगिनीने सुचविला आणि मी मान खाली घालून स्वीकारला. मला चार वर्षे दिवाळीचा बोनस तेथेच भरावा लागला.

खजिनदार त्यानंतरच्या रविवारी उपासनेला आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात ती भगिनी आणि दोन सभासद त्यांच्या घरी गेले आणि त्यांना घेऊन आले. ते पुन्हा प्रार्थना चालवू लागले, अखेरपर्यंत चालवीत राहिले. संस्थेची पेटी मात्र पुन्हा त्यांच्या हाती दिली गेली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. एकदा ते मला म्हणाले, 'लोकांनी मला बाहेर काढलं असतं तर मी रागावलो असतो, आणि झाकून नेलं असतं तर मी बिघडलो असतो.'

वाचकहो, आपणांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेचे, गृहनिर्माण संस्थेचे, शाळेच्या वा मंडळीच्या विश्वस्त निधीचे सभासद असतील. मिशनरी गेल्यानंतर आपल्या पूर्वजांच्या हाती आलेल्या जमिनी आणि इमारती यांचे आपण वारस आहोत, आणि त्यांच्याविषयी कोणते खटले कोणत्या न्यायालयांत चालले हे आपणांस सांगावयास नको. पुढच्या वार्षिक सभेला अवश्य जा. ताळेबंद हाती आला तर तो घडी करून पिशवीत ठेवू नका. वाचा, आणि न समजेल ते विचारा. आणि आपणच पदावर असाल, तर सही करण्याआधी वरचा मजकूर वाचा. त्या दिवसापासून मी वाचतो. कोणाचा खोळंबा झाला तरी वाचतो.